सावलीतला पारा आणि उन्हातला माणूस

एप्रिल उजाडला की वर्तमानपत्रांतून तापमानाचे आकडे झळकू लागतात. पारा चाळिशीपार गेला म्हणजे ऊन घातक आणि न गेला म्हणजे सुसह्य, असा आपला एक ढोबळ समज होऊन बसला आहे. हा समज किती महागात पडू शकतो, हे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे दिसले. महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या समारंभासाठी लाखो लोक भर दुपारी उघड्या मैदानावर बसले होते. त्या परिसरातील तापमान ३८ अंशांच्या आसपास, म्हणजे मालेगाव-जळगावकडील माणसाने मनावरही घेऊ नये इतकेच होते. तरीही उष्म्याने १४ जणांचा बळी घेतला.

याचा उलगडा पाऱ्याच्या जागेत आहे. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. तो हवेचे तापमान सांगतो आणि ते काम चोख करतो. परंतु माणसाचे शरीर निवते ते घाम वाळल्यामुळे. हवा दमट असली, वारा पडलेला असला, वरून सूर्य आणि खालून तापलेली जमीन भाजत असली, तर हवेच्या तापमानाचा एकटा आकडा शरीराची अवस्था सांगू शकत नाही. अमेरिकेत लष्करी प्रशिक्षण-तळांवर उष्माघाताने जवान कोसळू लागले, तेव्हा याग्लू आणि मिनार्ड या संशोधकांनी १९५७ साली यावर एक निर्देशांक सुचविला. ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के, उन्हात टांगलेल्या काळ्या गोळ्यातील तापमापकाला २० टक्के आणि साध्या तापमापकाला अवघे १० टक्के महत्त्व, असे त्याचे गणित आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला डब्ल्यूबीजीटी म्हणतात.

उदाहरणादाखल दोन दुपारी घेऊ. कळवणला कोरडी हवा ४० अंश, ओला पारा २४, काळा गोळा ५२. निर्देशांक येतो ३१.२. किनाऱ्यावर दमट हवा ३६ अंश, ओला पारा २९, गोळा ४८. निर्देशांक येतो ३३.५. वर्तमानपत्राच्या हिशेबाने किनारा चार अंशांनी थंड, शरीराच्या हिशेबाने दोन अंशांहून अधिक तापलेला! आणि कळवणचा आकडाही समाधान मानावा असा नाही. उन्हाला सरावलेल्या कामगाराच्या मध्यम श्रमासाठी आंतरराष्ट्रीय मानकाने सुचविलेली मर्यादा २८ आहे, जड श्रमासाठी २६. ती ओलांडली की कामात विश्रांतीची भर घालणे आवश्यक ठरते.

हे सारे मोजायला आता प्रयोगशाळा लागत नाही. तळहातावर मावणारी यंत्रे निघाली आहेत. त्यांच्या माथ्यावर लहानसा काळा गोळा, आत आर्द्रता व वारा मोजण्याची सोय. निर्देशांक यंत्रच काढून देते. पथ्य एवढेच, की यंत्र जिथे काम चालते तिथेच उन्हात, छातीच्या उंचीवर, हाताची ऊब लागणार नाही असे उभे करावे आणि काही मिनिटे स्थिरावू द्यावे.

आता प्रश्न असा, की मजुराला ऊन कळायला यंत्र कशाला? आक्षेप रास्त आहे. मार्च ते मे या काळात उन्हाळ कांदा काढणाऱ्या टोळ्या कळवणच्या शिवारात उजाडतानाच हजर होतात. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगगडाकडे पायी निघणारे भाविकही पहाटेची वाटचाल पसंत करतात. ऊन त्यांना आपल्याहून चांगले कळते. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने मुद्दा निराळा आहे. काढणी एकरी उक्ती दिलेली असते. दुपारी दोन तास सावलीत बसायचे तर त्याची किंमत टोळीच मोजते. न बसायचे तर ती शरीराने मोजते. शेतमालक, व्यापारी आणि शहरातला ग्राहक यांच्या कोणत्याही हिशेबात हा खर्च येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली असा अंदाज वर्तविला, की २०३० पर्यंत भारतातील ५.८ टक्के श्रमतास उष्म्यापायी वाया जातील. म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके. हा तोटा कोणाच्या खात्यावर पडणार, हा खरा प्रश्न आहे.

कारखान्याच्या भिंतींआड याचे उत्तर निदान कागदावर तरी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामाच्या जागी वायुवीजन व सुसह्य तापमान राखण्याची जबाबदारी मालकावर टाकली. आकाशाखाली राबणाऱ्याला असे संरक्षण नाही. मजुराचे 'सोसवत नाही' हे शब्द मुकादमाला सबब वाटतात. उलट यंत्रावरचा आकडा दोन्ही पक्षांसमोर सारखाच असतो. यंत्राचे मोल आहे ते या साक्षीत.

अर्थात नुसते मोजून कोणी निवत नाही. आकड्यामागे नियम हवा. ग्रामपंचायतीने व बाजार समितीने असे एकेक यंत्र ठेवावे, दर दोन तासांनी आकडा फळ्यावर लिहावा, ठरावीक मर्यादेनंतर काम थांबवावे आणि त्या विश्रांतीची मजुरी उक्त्या दरातच धरावी. आकडे नोंदविण्याचे काम आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी आनंदाने करतील. खर्च थोडा आहे. अडचण आहे ती एवढीच, की आकडा एकदा फळ्यावर लिहिला म्हणजे आपल्याला ठाऊक नव्हते असे कोणालाच म्हणता येणार नाही.