पोलाद की पॉलिमर?

विरार पूर्वेला फुलपाड्यात, पापडखिंड धरणाच्या आसपास, पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते. मागे डोंगर, पश्चिमेला काही किलोमीटरवर अर्नाळ्याचा समुद्र. खिडकीच्या ग्रिलला आणि कपाटाच्या बिजागरीला इथे बघता बघता गंज धरतो. याच हवेत पोलीस अधिकारी कमरेला पिस्तूल लावून बंदोबस्ताला उभा असतो, बऱ्याचदा बारा-बारा तास. त्या पिस्तुलाची फ्रेम पोलादाची असावी, ॲल्युमिनियमची असावी की पॉलिमरची? प्रश्न तांत्रिक वाटतो. पण अधिकाऱ्याच्या कमरेवरचा भार, नेमाची खात्री आणि सरकारी तिजोरीतला खर्च हे सगळे त्याला जोडलेले आहे.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. तिच्या धक्क्याने वरची स्लाइड मागे सरकते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधली पुढची गोळी नळीत ढकलते. स्लाइड आणि नळी यांना प्रचंड दाब सोसायचा असतो, म्हणून त्या पोलादाच्याच असतात. फ्रेम म्हणजे खालचा भाग: हातात धरायची मूठ, चापाची यंत्रणा आणि मॅगझिनची जागा. धातू की पॉलिमर हा वाद फक्त या खालच्या भागाचा आहे.

भारतातले लष्कर आणि अनेक राज्यांचे पोलीस वर्षानुवर्षे जे ९ मिमी पिस्तूल वापरत आले, ते पश्चिम बंगालमधल्या इच्छापूरच्या रायफल कारखान्यात बनते. त्याचे मूळ बेल्जियमच्या ‘ब्राउनिंग हाय-पॉवर’मध्ये आहे. जॉन ब्राउनिंगने त्याची आखणी सुरू केली. १९२६ मध्ये तो वारला आणि डियुदोने सेव्ह या त्याच्या सहकाऱ्याने काम तडीस नेले. १९३५ मध्ये हे पिस्तूल बाजारात आले. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या, संपूर्ण पोलादी बांधणी, रिकामे असतानाही वजन किलोच्या आसपास. हातात घेतले की ते भरीव वाटते, आणि जुन्या पोलिसांचा त्याच्यावर विश्वास आहे तो उगाच नाही.

वजन कमी करण्याचा पहिला उपाय होता ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. इटलीचे ‘बेरेटा ९२’ त्याच घडणीचे. १९८५ मध्ये अमेरिकी सैन्याने ते स्वीकारले. पॉलिमरचा पहिला प्रयोग मात्र त्याच्याही आधी, १९७० मध्ये, जर्मनीच्या ‘हेकलर अँड कॉख’ने केला होता. त्या पिस्तुलाला फारसे यश मिळाले नाही. यश मिळाले ते ऑस्ट्रियाच्या गास्टन ग्लॉकला. पडद्यांचे रॉड आणि सैन्यासाठी चाकू बनवणाऱ्या या उद्योजकाने त्याआधी एकही पिस्तूल बनवलेले नव्हते. नायलॉनच्या जातीच्या पॉलिमरची फ्रेम असलेले त्याचे ‘ग्लॉक १७’ ऑस्ट्रियन सैन्याने १९८२ मध्ये निवडले. मॅगझिनमध्ये १७ गोळ्या आणि मॅगझिनशिवाय वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. आपल्या राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाच्या (एनएसजी) कमांडोंकडेही हेच पिस्तूल आहे.

प्लॅस्टिकचे पिस्तूल विमानतळावरच्या यंत्रांना चकवते, ही समजूत तेव्हापासून पसरली आणि १९९० च्या ‘डाय हार्ड २’ या चित्रपटाने ती पक्की केली. ती साफ चुकीची आहे. स्लाइड, नळी, स्प्रिंगा, गोळ्या सगळे धातूचेच असते. इतकेच नाही, ग्लॉकच्या फ्रेममध्ये स्लाइड ज्यांवरून सरकते ते छोटे रूळही पोलादाचे, पॉलिमरमध्ये बसवलेले असतात.

हलके पिस्तूल बाळगायला सोपे, पण चालवायला? इथे भौतिकशास्त्र आडवे येते. गोळी तीच असेल तर पिस्तुलाला मिळणारा संवेगही तोच असतो. वजन घटले की धक्क्याची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. १ किलोच्या पिस्तुलाऐवजी ७०० ग्रॅमचे पिस्तूल घेतले, तर धक्क्याची ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होते. हातातला जड धातू हा धक्का पचवतो, नळी कमी उसळते आणि दुसरी गोळी लवकर नेमावर येते. पॉलिमर किंचित लवचीक असल्याने धक्क्याची धार थोडी बोथट करते, चांगल्या रचनेत नळी हाताच्या अगदी जवळ बसवून उसळीही कमी केली जाते. तरीही जड पिस्तुलाचा फायदा पूर्णपणे भरून निघत नाही.

स्पर्धांमध्ये हे स्पष्ट दिसते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. या प्रकारात .२२ चे पिस्तूल वापरतात आणि नियमानुसार त्याचे वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालते. अशी पिस्तुले बहुतेक धातूच्या फ्रेमची आणि लाकडी मुठीची असतात, आणि मूठ खेळाडूच्या पंजाप्रमाणे तासून घेतलेली असते. खेळाडूला ते दिवसभर कमरेला लावायचे नसते. हात स्थिर राहणे एवढेच त्याला हवे असते.

पोलिसाची गरज वेगळी. कमरेवरचे प्रत्येक शंभर ग्रॅम दिवसाअखेरीस जाणवतात. घाम आणि खारा दमटपणा पोलादी फ्रेमवरचा लेप हळूहळू खातो. पॉलिमरला गंज चढत नाही. पण म्हणून पॉलिमरचे पिस्तूल पुसायलाच नको, असे समजणे महागात पडते, कारण स्लाइड आणि नळी पोलादाचीच असतात. विरारच्या पावसात भिजलेले कोणतेही पिस्तूल कोरडे करून त्याला तेलाचा हात द्यावाच लागतो. उलट बाजूही आहे. पोलादी फ्रेम झिजली वा चरे पडले तर निपुण कारागीर ती दुरुस्त करू शकतो. पॉलिमरला तडा गेला की ती फ्रेम बादच.

पंजाचा आकारही महत्त्वाचा. महाराष्ट्र पोलीस दलात महिलांसाठी ३० टक्के आरक्षण आहे, आणि एकच मूठ सगळ्यांच्या हाती बसत नाही. नव्या पॉलिमर पिस्तुलांत मुठीच्या मागची पट्टी बदलून ती लहान-मोठी करता येते. शिवाय पॉलिमरची फ्रेम साच्यात ओतून बनते, त्यामुळे धातू कातत बसण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

या वाचलेल्या पैशांचे काय करायचे, याचे उत्तर मुंबई २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात रक्त सांडून शिकली. त्या रात्री कामा रुग्णालयात अतिरेक्यांशी लढताना जखमी झालेले सदानंद दाते पुढे १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाचे पहिले आयुक्त झाले. फुलपाडा त्याच आयुक्तालयात येतो. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने गोळ्यांची टंचाई आणि त्यामुळे रखडलेला गोळीबाराचा सराव यावर बोट ठेवले होते. वर्षातून मोजक्याच गोळ्या झाडणाऱ्याच्या हाती पोलाद आले काय नि पॉलिमर आले काय, नेम कच्चाच राहतो; म्हणून वाचलेला पैसा सरावावरच खर्च व्हायला हवा.

सामान्य नागरिकापुढे हा पर्याय जवळजवळ नसतोच. ९ मिमी हे निषिद्ध बोअर आहे, म्हणजे या मापाचे शस्त्र सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही. परवाना असलेल्याला पिस्तूल मिळते ते प्रामुख्याने .३२ चे, आणि सरकारी कारखान्यांचे वर्षानुवर्षे विकले गेलेले .३२ पिस्तूल पोलादीच आहे. परवाना फुलपाड्यातल्या रहिवाशाला पोलीस आयुक्तांकडे मागावा लागतो. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची असते.

जगात आता दोन्ही वाटा एकमेकींत मिसळताहेत. अमेरिकी सैन्याने २०१७ मध्ये ‘बेरेटा’ सोडून ‘सिग’चे जे पिस्तूल घेतले, त्याच्या पॉलिमर मुठीच्या आत चापाची यंत्रणा धातूच्या वेगळ्या चौकटीत बसते. पुण्याच्या पाषाण भागातल्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेच्या (डीआरडीओ) प्रयोगशाळेने महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर चार महिन्यांत ‘अस्मी’ हे मशीन पिस्तूल घडवले. ते जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाले. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी ते विकसित केले. त्याचा वरचा भाग विमानांसाठीच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा आहे, खालचा कार्बन फायबरचा, आणि चापाचे काही भाग थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेले. २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर विभागाने अशी ५५० पिस्तुले घेतली.

वसई-विरारसारख्या किनारी भागातल्या पोलिसांसाठी हलके, गंजाला न जुमानणारे आणि मूठ बदलता येणारे पॉलिमर पिस्तूलच योग्य ठरते. मात्र त्याच्या खरेदीच्या प्रस्तावात प्रत्येक पिस्तुलामागे सरावाच्या गोळ्यांचा आणि फायरिंग रेंजवरच्या दिवसांचा खर्च सुरुवातीपासूनच धरलेला असायला हवा.