गाठ, बरणी आणि पाच वर्षं

सुरतेच्या लिंबायतमध्ये मराठी आणि अहिराणी इतकी सर्रास कानावर पडते, की नवख्या माणसाला आपण धुळ्यात उतरलो की काय असं वाटावं. नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसं पिढ्यांमागून पिढ्या इथे लूमवर आली. पुरुष संच्यावर उभे. बायका घरी साडीचे धागे कापतात, खडे चिकटवतात, लेस लावतात. नगावर पैसे मिळत असल्याने दवाखान्यात घातलेला दिवस सरळ खिशातून जातो. त्यात गाठ दुखत नसेल तर प्रश्नच मिटला. “दुखस नही, मंग कसाले जावानं दवाखानामा?” पंचाईत अशी, की स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

दवाखाने लांब आहेत असंही नाही. उमरवाड्याला महापालिकेचं स्मीमेर, माजुरा गेटला नवी सिव्हिल, सारोलीला भारत कॅन्सर हॉस्पिटल. आयुष्मान कार्डाची मर्यादा गुजरातने 2023 मध्ये 10 लाखांवर नेली. उशिरा जाण्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला लिहायचं आहे ते निदानानंतर हाती पडणाऱ्या एका कागदाबद्दल. त्यावर गाठीत शोधलेल्या तीन प्रथिनांच्या ओळी असतात: ईआर, पीआर, हर-टू. करोनाच्या काळापासून ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे वाईट हे डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे, की ‘ईआर पॉझिटिव्ह’ वाचून घरात रडारड सुरू होते. खरं तर या तिन्हींत त्यातल्या त्यात बरी बातमी तीच असते.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. पेशीच्या केंद्रकातलं हे प्रथिन इस्ट्रोजेन येऊन चिकटलं की पेशीला वाढायला सांगतं. हे प्रथिन कोणी पाहण्याच्या कितीतरी आधी, 1896 मध्ये, ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने बीजांडं काढल्यावर स्तनाचा पसरलेला कॅन्सर ओसरल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. पण हा उपाय काहीच बायकांना लागू पडे. कोणाला पडेल, हे सांगता यायला साठेक वर्षं गेली. शिकागोच्या एलवूड जेन्सननी किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन वापरून ते शरीरात कुठे जाऊन थांबतं ते पाहिलं आणि रिसेप्टर सापडला. त्याच सुमारास इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी एक रेणू बनवला. तो गर्भनिरोधक म्हणून हवा होता, पण त्या कामाला निरुपयोगी ठरला. तोच टॅमॉक्सिफेन. 1973 मध्ये तो ब्रिटनमध्ये कॅन्सरवरचं औषध म्हणून आला. (याच जातकुळीचा एक रेणू लखनौच्या सीडीआरआयमध्ये तयार झाला आणि तो मात्र गर्भनिरोधक म्हणून चालला. ‘सहेली’ नावाने बाजारात आलेली ही गोळी आता सरकारी केंद्रांवर ‘छाया’ म्हणून फुकट मिळते. तिचं टॅमॉक्सिफेनशी नातं आहे हे सहसा कोणी सांगत नाही.)

आता आपल्याकडचे आकडे. 2000 साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या पॅथॉलॉजिस्टांनी 798 गाठींचा अभ्यास छापला. ईआर पॉझिटिव्ह निघाल्या 32.6 टक्के. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण दोन-तृतीयांशांच्या पुढे. आपल्या बायकांना तरुण वयात कॅन्सर होतो आणि तरुण वयात ईआर निगेटिव्ह गाठी जास्त असतात, हे स्पष्टीकरण खोटं नाही. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा खटकतो: पीआर, म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, 46.1 टक्के. पीआर बनतो तो मुख्यतः ईआरच्या हुकमाने. मग हुकूम देणारा कमी आणि हुकमाने बनलेला जास्त, हे कसं? 2005 मध्ये एका भारतीय शोधनिबंधाने शीर्षकातच विचारलं, की ही ईआर निगेटिव्ह-पीआर पॉझिटिव्ह गर्दी खरी की भासमान? 2009 मध्ये टाटाच्याच तनुजा शेट आणि सहकाऱ्यांनी आधीच्या आठ वर्षांचा मागोवा घेतला, तेव्हा हॉर्मोन रिसेप्टर असलेल्या गाठी निम्म्याच्या पुढे गेलेल्या होत्या. एवढ्या थोड्या काळात बायकांची शरीरं बदलत नाहीत. माझ्या मते बदल बराचसा तपासणीत झाला.

ही तपासणी बिघडते कुठे, ते पाहण्यासारखं आहे. ऑपरेशन होतं, गाठ बाहेर येते. तासाभरात ती कापून, 10 टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, तिच्या दसपट द्रावणात बुडायला हवी; आणि त्यात किमान 6, जास्तीत जास्त 72 तास राहायला हवी. छोट्या नर्सिंग होममध्ये काय होतं? गाठ अख्खीच प्लास्टिकच्या बरणीत जाते, वर जेमतेम बुडेल इतकं फॉर्मेलिन, कधी नुसतं सलाइन. बरणी नातेवाइकाच्या हातात, “लॅबमध्ये देऊन या.” शनिवारची संध्याकाळ असेल तर ती सोमवारी उघडते. तोवर फॉर्मेलिन कडेपासून आत झिरपत असतं आणि मधला भाग सडत असतो. ईआर नाजूक आहे. तो तिथून नाहीसा होतो. मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो तेव्हा जी केंद्रकं तपकिरी दिसायला हवीत ती निळीच राहतात. रिपोर्टवर येतं ‘निगेटिव्ह’. नियमाने 100 पैकी एका पेशीचं केंद्रक रंगलं तरी गाठ पॉझिटिव्ह धरतात, 1 ते 10 टक्क्यांना ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणतात. म्हणजे बरणीतल्या हलगर्जीपणाने एखादी बाई सहज या रेषेच्या पलीकडे ढकलली जाते. जाणते पॅथॉलॉजिस्ट म्हणूनच त्याच काचेवरच्या निरोगी दुग्धनलिका आधी बघतात. त्यांच्याही पेशी रंगलेल्या नसतील तर निकालावर विश्वास ठेवत नाहीत.

‘निगेटिव्ह’ या एका शब्दावर पुढचं बरंच अवलंबून असतं. तिन्ही निगेटिव्ह असतील तर गोळीचा उपयोग नाही, केमोथेरपीवरच मुख्य भिस्त. अशा गाठी आपल्याकडे जास्त. 2016 च्या एका एकत्रित विश्लेषणात हे प्रमाण 31 टक्के निघालं. त्यांचा धोका पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वाधिक, पण पाच वर्षं सुखरूप गेली की तो बराच खाली येतो. ईआर पॉझिटिव्हचं उलट. सुरुवात शांत, पण धोका वर्षानुवर्षं रेंगाळतो. 2017 मध्ये सुमारे 63 हजार स्त्रियांच्या नोंदींवरून दिसलं, की पाच वर्षं औषध घेऊन थांबलेल्यांतही पुढच्या 15 वर्षांत रोग शरीरात दूर कुठेतरी उलटण्याचं प्रमाण लहान गाठ आणि स्वच्छ लसिकाग्रंथी असताना 13 टक्के होतं. गाठ मध्यम आणि चार ते नऊ ग्रंथींत रोग असेल तर 41. पाच वर्षं झाली, सुटलो, हा हिशेब म्हणून ईआर पॉझिटिव्ह बाईला लागू होत नाही.

आणि इथेच टॅमॉक्सिफेनची मातब्बरी. रोज 20 मिलिग्रॅमची एक गोळी, पाच वर्षं, काहींना दहा. ईआर पॉझिटिव्ह रुग्णांत पाच वर्षांच्या औषधाने पहिल्या 15 वर्षांतले या रोगाचे मृत्यू जवळजवळ एक-तृतीयांशाने घटतात. पाळी गेलेल्यांना बहुधा लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल देतात. कॅन्सरच्या इतर औषधांपुढे टॅमॉक्सिफेन अगदीच स्वस्त. तरीही ही गोळी सुटते. अंगातून गरम वाफा येतात, पांढरं जातं, पाळी बिघडते. पत्र्याच्या खोलीत, सुरतेच्या मे महिन्यात या वाफा काय असतील ते पुरुष डॉक्टरांनी एकदा समजून घ्यावं. मुख्य म्हणजे बाई बरी असते. बऱ्या माणसाने रोज गोळी का घ्यायची, हे सासूला पटवणं कठीण. पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला किंवा एकच पाय सुजला तर मात्र थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

गोळी गावाकडेही सुटते. दिवाळीला लूम बंद पडतात आणि भुसावळकडच्या गाड्या खच्चून भरतात. गावाला गेलेली बाई लग्नसराईपर्यंत तिकडेच राहते, गोळ्यांची पट्टी संपते. नंदुरबारचा किंवा अमळनेरचा मेडिकलवाला दुसऱ्या कंपनीची पट्टी देतो. रंग वेगळा, नाव वेगळं. “ही ती गोळी नाही” म्हणून ती परत केली जाते आणि दोन-तीन महिने असेच जातात. पट्टीवर ठळक असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. बघायचं ते त्याखालचं बारीक अक्षर. तिथे टॅमॉक्सिफेन सायट्रेट, 20 एमजी असेल तर गोळी तीच आहे. जुन्या पट्टीचा रिकामा तुकडा पाकिटात ठेवला की दुकानदाराशी बोलणं सोपं जातं. सोबत रिपोर्टची झेरॉक्स ठेवावी, आणि टाटाला दाखवायला जायचं असेल तर लॅबमधून गाठीचा मेणातला ब्लॉक मागून घ्यावा. रिपोर्टबद्दल शंका आली तर त्याच ब्लॉकवरून तपासणी पुन्हा करता येते.