फाइल नावाची नसते, नंबराची असते

आजचा भाग थोडा घरगुती आहे.

आमचा जुना लॅपटॉप बंद पडला. त्यावर उबुंटू होतं आणि वापरणारे दोघं, ताई आणि मी. डिस्क मात्र शाबूत होती. त्या डिस्कवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, मी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलेल्या. आजी आता नाही, आणि ओव्यांची दुसरी प्रतही कुठे नव्हती.

नवीन लॅपटॉपवर उबुंटू टाकलं, जुनी डिस्क जोडली आणि बघतो तर काय, माझंच फोल्डर उघडेना! ‘परवानगी नाही.’ ताईचं फोल्डर मात्र सताड उघडं. त्यातली एक फाइल उघडलीसुद्धा मी. पहिली ओळ वाचली आणि कळलं, ही तिची डायरी आहे. लगेच बंद केली.

असं का झालं? लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक मालक असतो आणि एक ग्रुप असतो. पण फाइलवर मालकाचं नाव नसतं, नंबर असतो. उबुंटूवर पहिलं खातं उघडणाऱ्याला १००० मिळतो, दुसऱ्याला १००१. जुन्या लॅपटॉपवर ताई १००० होती, मी १००१. नवीन लॅपटॉपवर मी एकटाच, म्हणून मी १०००. सोसायटीतला नवीन वॉचमन कसा, चेहरा ओळखत नाही, फक्त फ्लॅट नंबर विचारतो? तसंच. त्याच्या लेखी मीच ताई! आणि माझ्या फाइलींचा मालक १००१, तो तर इथे राहतच नाही.

आता परवानगीचं गणित. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. हे तीन जणांसाठी मोजायचं: मालक, ग्रुप आणि बाकी सगळे. आमची फोल्डरं ७५० होती. म्हणजे मालकाला ४+२+१, सगळंच. ग्रुपला ४+१, म्हणजे आत जा, बघा, पण बदल करू नका. (फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणं’ म्हणजे आत शिरणं.) बाकीच्यांना शून्य. मी त्या शून्यात बसलो होतो.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘सगळ्याला ७७७ देऊन टाक’. नका देऊ! दुखणं मालकीचं होतं आणि ७७७ म्हणजे घराची सगळी दारं काढून ठेवणं. एसएसएच तर इतकी उघडी ठेवलेली खासगी किल्ली वापरायलाच नकार देतं.

मी काय केलं? ‘सुडो’ लावून ओव्यांची प्रत माझ्या होम फोल्डरमध्ये घेतली आणि मालक बदलायच्या कमांडनं, म्हणजे ‘सीएच-ओन’नं, फक्त त्या प्रतीचा मालक बदलला. मूळ डिस्कला हात लावला नाही. आजीचा आवाज आला तेव्हा जिवात जीव आला.

पण बघा, जे सुडोनं मला जमलं ते डिस्क हातात पडलेल्या कुणालाही जमेल. परवानगी म्हणजे एका मशीनवर राहणाऱ्यांमधली शिस्त आहे, तिजोरी नाही. चोरापासून वाचवायचं तर डिस्क एन्क्रिप्ट करायला हवी. उबुंटू टाकतानाच तो पर्याय मिळतो.

तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडमध्येही आत लिनक्सच आहे. तिथे प्रत्येक ॲपला स्वतंत्र नंबर मिळतो, १०००० पासून पुढे. म्हणून गेमच्या ॲपला तुमच्या बँकेच्या ॲपचा खासगी डेटा वाचता येत नाही. ॲप वेगळं, फ्लॅट वेगळा.

ताईला फोन करून सगळं सांगितलं.

“किती वाचलंस?”

“एक ओळ.”

“बरं. डिस्क मला आणून दे. आणि ओव्या पाठव.”

पाठवल्या. आता त्या दोन घरांत आहेत. तुमच्याकडे असा एकुलता एक आवाज असेल, तर आज त्याची दुसरी प्रत करा. भेटू पुढच्या भागात!