दोन सेंटिमीटर अलीकडे

"उभे राहा, भार डाव्या पायावर टाका," डॉक्टर म्हणाले. व्हेरिकोज व्हेन्सची खरी तपासणी उभ्यानेच होते. माणूस आडवा झाला की रक्त गुमान हृदयाकडे जातं आणि दोष लपतो. सोनोग्राफीचा प्रोब उजव्या मांडीला लावून त्यांनी माझी पोटरी दाबली. पडद्यावर निळा रंग वर सरकला. हात सोडताच तोच प्रवाह लाल होऊन खाली कोसळला. शिरेतल्या झडपा धड असत्या, तर तो अर्ध्या सेकंदाच्या आत थांबला असता. माझा तीन सेकंद वाहत राहिला.

शिकवायला लागून चोवीस वर्षं झाली, सगळी फळ्यासमोर उभ्याने. पण सगळा दोष फळ्याचा नाही. वडील कंडक्टर होते, त्यांच्याही पोटरीवर अशाच गाठाळ शिरा होत्या. त्यांच्या वेळी जांघेत आणि गुडघ्याखाली चीर देऊन, शिरेत तार घालून अख्खी शीर ओढून काढली होती. महिनाभर त्यांची मांडी वांग्यासारखी जांभळी होती. तीच शीर माझ्या पायात जागच्या जागी, आतून भाजून बंद करायची होती.

ऑपरेशनच्या दिवशीही आधी उभंच केलं. फुगलेली शीर निळ्या मार्करने मांडीपासून पोटरीपर्यंत आखली, कारण झोपल्यावर ती सापडत नाही. मग टेबलावर. भूल फक्त पायापुरती, मी जागा.

गुडघ्याखाली एक सुई, सुईतून बारीक तार, तारेवरून नळी. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली मांडलेली ही युक्ती. अँजिओप्लास्टीही याच वाटेने आत शिरते. नळीतून लेसरचा तंतू वर जांघेकडे सरकला आणि तिथे डॉक्टरांचा हात मंदावला. वरवरची शीर मांडीतल्या मुख्य शिरेला जिथे मिळते, त्या संगमाच्या दोन सेंटिमीटर अलीकडे तंतूचं टोक थांबायला हवं. पुढे गेलं तर उष्णतेने मुख्य शिरेत गुठळी होण्याची भीती. फार मागे राहिलं तर वरून गळती चालूच. त्यांनी मापलं, तंतू केसभर मागे घेतला, पुन्हा मापलं.

मग पाणी. सलाइनमध्ये भुलीचं औषध मिसळून ते गार द्रावण शिरेच्या भोवती, टोचत टोचत, वरपर्यंत भरलं. दुखलं ते एवढंच. मांडी टणक आणि थंड होत गेली. पडद्यावर मात्र बघण्यासारखं होतं: काळ्या पाण्याच्या कड्यात शीर चिमटत तंतूला चिकटली. भूल देणं, शीर आवळणं आणि कातडी भाजू न देणं, अशी तीन कामं ते पाणी करतं.

लेसरला लागली जेमतेम पाच मिनिटं. टेबलाची डोक्याकडची बाजू खाली केली, सगळ्यांनी रंगीत चष्मे लावले, मलाही लावला. टेबलाच्या या कलाला ज्यांचं नाव आहे, ते जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबुर्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच शीर बांधून टाकत. यंत्र टुं टुं करत राहिलं, तंतू इंचाइंचाने खाली आला. टाका एकही नाही.

"मग या शिरेतलं रक्त जाणार कुठे?" मी विचारलं. पायातलं बहुतेक रक्त मुळातच खोल शिरांतून वर जातं. बिघडलेली वाट बंद झाली की उरलेलंही तिकडे वळतं. म्हणूनच खोल शिरा तुंबलेल्या असतील, तर वरची शीर सहसा बंद करत नाहीत. आणि वाकडीतिकडी झालेली शीर तंतूला वाट देत नाही. तिथे फेसाचं इंजेक्शन किंवा बारीक छेद लागतो. शिवाय काही वर्षांनी दुसरी शीर फुगणार नाही, याची हमी कुणी दिली नाही.

लगेच चालायचं होतं, पण आधी घट्ट मोजा. तो माझ्याने घोट्यापुढे सरकेना. सिस्टरने तो टाचेपर्यंत उलटा केला, पावलावर प्लास्टिकची पिशवी चढवली, त्यावरून मोजा सरसर वर घेतला आणि बोटांकडून पिशवी ओढून काढली. "सकाळी उठल्या उठल्या घालायचा, सर. पाय सुजायच्या आत."

"रोज किती जणांना घालता?"

"पेशंटचं मोजलं नाही," ती म्हणाली आणि सलवार वीतभर वर उचलली. तोच कातडी रंगाचा मोजा. "माझी ड्यूटी पण उभ्यानेच."

मी कॉरिडॉरमध्ये अर्धा तास चाललो. ती काउंटरशी उभी होती.