चमॉड ७७७ने एसएसएचचं दार उघडत नाही

‘परमिशन डिनाइड, पब्लिककी.’ सर्व्हरवर लॉगिन करताना हा संदेश आला की शेजारच्या टेबलावरून सल्ला येतो, ‘७७७ मार, चालेल.’ नवी मुलं तो मनापासून पाळतात, अख्ख्या होम डिरेक्टरीला ७७७ देतात, आणि आदल्या दिवसापर्यंत चालणारी कीसुद्धा चालेनाशी होते. हा सल्ला इतक्यांदा ऐकलाय की आता राग येतो.

घोळ ‘परमिशन’ या शब्दाने होतो. इथे सर्व्हर एवढंच सांगतोय, की तुमची ओळख मला पटली नाही. आता ७७७ म्हणजे काय ते बघा. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. मालक, गट आणि इतर सगळे, तिघांनाही पूर्ण सात. म्हणजे त्या मशिनवरचा कुणीही तुमच्या ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलमध्ये स्वतःची की चिकटवून तुमच्या नावाने आत येऊ शकतो. नुसती फाइल बंद ठेवूनही भागत नाही; डिरेक्टरीत लिहिता येत असेल, तर फाइल हलवता येते. एसएसएच आलं तेच मुळी चोरीमुळे. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, म्हणून १९९५ साली ताटू युलोनेन यांनी ते लिहिलं. असा प्रोग्रॅम सताड उघड्या फाइलवर विश्वास कसा ठेवेल?

ठेवत नाहीच. ओपनएसएसएचच्या सर्व्हर कॉन्फिगरेशनचं मॅन्युअल उघडा आणि ‘स्ट्रिक्टमोड्स’ शोधा: लॉगिन स्वीकारण्याआधी होम डिरेक्टरी आणि फाइल्स यांची मालकी नि परवानग्या तपासल्या जातात, आणि ही तपासणी मुळातच चालू असते. नापास झालात तर सर्व्हर की बघतच नाही. नकाराचं कारण तो तुम्हाला सांगत नाही, मुद्दाम; ते लॉगमध्ये लिहितो. उबुंटूवर ‘ऑथ डॉट लॉग’, रेडहॅटवर ‘सिक्युअर’. तिथे ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ दिसलं की निदान झालं.

उपाय अगदी उलटा आहे, परवानग्या कमी करायच्या. होम डिरेक्टरी ७५५ किंवा त्याहून कडक, डॉट एसएसएच ७००, ऑथराइज्ड कीज ६००. तुमच्या लॅपटॉपवरची प्रायव्हेट कीही ६००. ती ६४४ असेल तर क्लायंट स्वतःच ती वापरायला नकार देतो. सुडो लावून फाइल बनवली असेल तर मालक रूट नाही ना, तेही पाहा.

एसएसएचबद्दलचे आणखीही गैरसमज असेच ऐकू येतात. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणजे सर्व्हर बंद.’ नाही, नकाराचं उत्तर आलं म्हणजे बहुधा मशिन चालू आहे, फक्त त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. टाइमआउट असेल तेव्हा फायरवॉल, पत्ता किंवा बंद मशिन यांचा संशय घ्या.

होस्ट की बदलल्याचा इशारा आला की अख्खी ‘नोन होस्ट्स’ फाइल उडवू नका. सर्व्हर नव्याने बसवलाय का, ते आधी विचारा, फिंगरप्रिंट जुळवा, मगच ‘एसएसएच-कीजेन’ला उणे मोठा आर देऊन तेवढी एक नोंद काढा.

‘हाताने चालते ती स्क्रिप्ट एसएसएचमधूनही चालणारच.’ हेही खरं नाही; रिमोट कमांडचा शेल इंटरॅक्टिव्ह नसतो. उबुंटूची बॅशआरसी अशा वेळी सुरुवातीलाच परत फिरते, त्यामुळे तिच्या तळाशी लिहिलेला पाथ लागत नाही.

आणि सर्व्हरांची यादी वाचणारा व्हाइल लूप पहिल्याच नावानंतर संपतो, तेव्हा नेटवर्कवाल्यांना फोन करू नका. लूपमधलं एसएसएच उरलेली यादी स्वतःचं इनपुट समजून गिळतं. त्याला उणे एन द्या.