टकळी, वही आणि सकाळची नव्वद मिनिटे

नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर, सेवाग्रामला, आनंद निकेतन नावाची शाळा आहे. तिथली मुले भाजीचे वाफे करतात, स्वयंपाकाला हात लावतात, सूत काततात आणि या कामांच्या आधारानेच गणित-विज्ञान शिकतात. नई तालीम समितीने ही शाळा २००५ मध्ये सुरू केली, पण तिची मुळे १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेपर्यंत जातात. त्याच्या अठरा वर्षे आधी, १९१९ मध्ये, जर्मनीत स्टुटगार्टला एमिल मोल्ट या सिगारेट कारखानदाराने आपल्या कामगारांच्या मुलांसाठी रुडॉल्फ स्टायनर यांच्या मार्गदर्शनाखाली एक शाळा काढली. कारखाना वाल्डॉर्फ-अस्टोरिया, म्हणून शाळा वाल्डॉर्फ. कामगारांच्या पोरांसाठी निघालेली ही पद्धत आपल्याकडे आज मोठ्या शहरांतल्या, फी परवडणाऱ्या पालकांच्या शाळांमुळे ओळखली जाते, हा भाग वेगळा. नागपुरातल्या प्राथमिक शिक्षकाला तिचे आकर्षण वाटते, पण मेणाचे खडू, लोकरीचे गुंडे, लाकडी बासऱ्या यांची यादी पाहून तो थबकतो. माझ्या मते ही यादी बाजूला ठेवावी. स्टुटगार्टकडून वेळेची मांडणी घ्यावी, आणि हातात धरायचे साहित्य सेवाग्रामकडून.

आधी वेळेविषयी. वाल्डॉर्फ शाळेत सकाळचा दीड-दोन तासांचा पाठ एकाच विषयाचा असतो आणि तो विषय सलग तीन-चार आठवडे चालतो. सुरुवातीला टाळ्या, पावले, पाढे, कविता. मग काल ऐकलेल्याची आठवण. मग नवा भाग. शेवटी वहीत लेखन आणि चित्र. यातली खरी युक्ती आठवणीच्या टप्प्यात आहे. आज सांगितलेली गोष्ट आज लिहून घ्यायची नाही. ती मुलांनी उद्या आपल्या शब्दांत सांगायची आणि त्यानंतर वहीत उतरवायची. रात्र मध्ये गेली की फळ्यावरचे वाक्य जसेच्या तसे उतरवणे आपोआप बंद होते, आणि कोणाला काय कळले नाही हे शिक्षकाला चाचणीशिवाय दिसते. ती वही हेच मुलाचे पाठ्यपुस्तक. याला खर्च काही नाही. पहिली ते चौथीच्या बहुतेक सरकारी वर्गांत एकच शिक्षक सगळे विषय शिकवतो, त्यामुळे तीन तासिका जोडून नव्वद मिनिटे करणे त्याच्या आवाक्यातले आहे. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास मागतो. रोज नव्वद मिनिटे धरली तर ३०० तास होतात. उरलेल्या ५०० तासांत सराव, खेळ, इतर विषय बसतात. अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती या हिशेबापुढे फारशी टिकत नाही.

आता त्या नव्वद मिनिटांत काय करायचे? विदर्भात कापसापेक्षा जवळचा विषय सापडणे कठीण. तिसरी-चौथीच्या वर्गाने दिवाळीनंतर, वेचणी चालू असताना, चार आठवडे कापूस घ्यावा. पहिल्या आठवड्यात मुलांनी बोटांनी सरकी काढावी आणि वजने करावीत. तीन भाग कापसातून साधारण एक भाग रुई आणि दोन भाग सरकी निघते. अपूर्णांकाची ओळख करून द्यायला याहून चांगले साधन दुकानात मिळत नाही. रुई कमी-जास्त का भरली यावर वाद होतील, ते होऊ द्यावेत. दुसऱ्या आठवड्यात पेळू आणि टकळी. खादीच्या जुन्या हिशेबात एक तार चार फुटांची, १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. लटीत ६४० फूट सूत, म्हणजे सुमारे १९५ मीटर. मुलांनी ते अंतर मैदानात पावलांनी मोजावे, फूट आणि मीटर यांचा मेळ घालावा. अशा वेळी गुणाकार कोणासाठी आणि कशाला करायचा, हा प्रश्न मुले विचारत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात जिनिंगपासून कापडापर्यंतचा प्रवास आणि नकाशा. नागपुरात १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, तिचा उल्लेख इथे हवाच. शेवटच्या आठवड्यात मुलांनी घरी विचारून आणलेल्या शेतीच्या गोष्टी, त्यांचे लेखन, चित्रे. भाव, कर्ज, बोंडअळी हेही घरातून येणारच. मुलांचे वय पाहून शिक्षकाने ते किती उलगडायचे ते ठरवावे, पण पाठात आलेले दुःख पुसून टाकू नये.

हीच कल्पना नव्वद वर्षांपूर्वी वर्ध्याला मांडली गेली आणि देशभर टिकली नाही, मग आज का टिकावी? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. वर्धा परिषदेने नेमलेल्या झाकीर हुसेन समितीच्या आराखड्यात साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला, म्हणजे शिक्षणाचा पाया मानलेल्या हातकामाला, तीन तास वीस मिनिटे होती. मातृभाषेला चाळीस मिनिटे, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला मिळून तीस. इतके काम ठेवण्यामागे शाळेचा खर्च मुलांच्या उत्पादनातून निघावा ही अपेक्षा होती. प्राध्यापक के. टी. शहा यांनी परिषदेतच त्या स्वावलंबनाला विरोध केला. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी. तिथून निघालेली रविशंकर शुक्ल यांची विद्या मंदिर योजनाही गावाने दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवू पाहत होती. शाळेचा जीव विक्रीवर टांगला की शिक्षकाचे लक्ष सुताच्या लांबीकडे जाते, आणि कातणाऱ्या मुलाला काय समजले हा प्रश्न मागे पडतो. वाल्डॉर्फने हा धोका टाळला, कारण तिथे पहिलीतल्या मुलाने विणलेला तुकडा कोणी विकत नाही. म्हणून टकळी घ्यावी, पण रोजची वीस-पंचवीस मिनिटे, आणि सुताची विक्री नाही.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. स्टायनर यांच्या शाळेत अक्षरांआधी सरळ आणि वक्र रेषांचे रेखाटन असते; आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी ते काम करते, मुलग्यांनाही ती यायला हवी. ऋतूंचे सण परदेशातून आणायची गरज नाही. तान्हा पोळ्याचा लाकडी बैल घासणे, रंगवणे, त्याला चाके बसवणे यात पंधरवड्याचे हातकाम आहे. वाल्डॉर्फच्या दुसरीत संतकथा येतात, तिथे आपल्याकडे गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज आहेत.

काही गोष्टी सरळ सोडून द्याव्यात. मुलांचे चार स्वभावप्रकार, सात-सात वर्षांचे आत्मिक टप्पे हे स्टायनर यांचे गूढ तत्त्वज्ञान आहे. त्याला पुरावा नाही, आणि वरचा पाठ त्यावाचून चालतो. वाचन सातव्या वर्षापर्यंत लांबवण्याचा आग्रहही इथे परवडणारा नाही. घरात पुस्तके असतील तर मूल थांबू शकते. घरातली पहिलीच पिढी शाळेत येत असेल तर शाळेने उशीर करणे म्हणजे तिचा वेळ खाणे. वर्गात पन्नास मुले असतील तर मात्र टकळ्या सांभाळणे खरोखर कठीण. निम्मी मुले कातत असताना निम्म्यांनी वहीत लिहावे, दुसऱ्या दिवशी उलट.

उरतो तो नागपूरचा खास आक्षेप. १९५६ साली ज्या शहरात लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारून जातीने लादलेले काम आणि तिची ओळख नाकारली, तिथे शाळेने पुन्हा हातकामावर भर द्यावा? पिढ्यान्पिढ्या ज्यांच्या वाट्याला हातकामच आले त्यांना शाळेकडून पुस्तक हवे असते, आणि त्यांचे बरोबर आहे. हातकामाचे गुणगान वर्गाबाहेरच्या सुखवस्तू लोकांनी करणे सोपे असते. म्हणून कामाची विभागणी डोळ्यांत तेल घालून पाहावी लागेल. झाडू, भाजी चिरणे, टकळी, शिवण, फळा पुसणे, हिशेबाची वही हे सगळे आलटून पालटून प्रत्येकाकडे जावे. आडनाव, घरचा धंदा, मुलगा-मुलगी यांवरून एकही काम ठरू नये. पाळीपत्रक भिंतीवर लावावे, म्हणजे पालकांनाही ते वाचता येईल. आणि कातणाऱ्या मुलाच्या वहीत त्याच आठवड्यात गुणाकार आणि एक पूर्ण पान लेखन दिसले नाही, तर पालकाने जाब विचारावा.