आधारसामग्रीचे प्रकार आणि त्यांचे परिवर्तन

संख्याशास्त्रीय गणनेसाठी ‘आर’ ही संगणकभाषा आज विद्यापीठांतून सर्रास वापरली जाते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी ती सिद्ध केली व २००० साली तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. या भाषेत प्रत्येक सदिशाला एकच प्रकार असतो. नित्याच्या वापरातील प्रकार चार: तार्किक, पूर्णांक, दशांश व अक्षररूप. भिन्न प्रकारची मूल्ये एकत्र आली, तर याच क्रमाने सर्वांना सामावून घेणारा प्रकार सर्व सदिशास प्राप्त होतो. हे परिवर्तन मुकाट्याने घडते. आणि अनर्थाचे मूळ येथेच आहे.

एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडल्यास ती अतिवृष्टी मानतात, व पीकहानीच्या मदतीचा विचार या निकषाशी निगडित असतो. समजा, सेलू मंडळाच्या चार दिवसांच्या नोंदी अशा आहेत: १२०, ९, ७२ आणि ‘नोंद नाही’. शेवटच्या दोन शब्दांमुळे सबंध स्तंभ अक्षररूप होतो. आता ‘६५ हून अधिक कोणते?’ असे विचारले, तर भाषा ६५ लाही अक्षररूप देते व शब्दकोशाच्या क्रमाने तुलना करते. ‘१’ हे चिन्ह ‘६’ च्या आधी येते, म्हणून १२० मिलिमीटरांचा दिवस वगळला जातो. ‘९’ मात्र नंतर येत असल्याने नऊ मिलिमीटरांची सर अतिवृष्टी ठरते. इतकेच नव्हे, तर ज्या दिवसाची नोंदच नाही तोही अतिवृष्टीचा गणला जातो. सरासरी मागितली असती, तर निदान इशारा मिळाला असता. तुलनेच्या वेळी तोही मिळत नाही.

यावर उपाय म्हणजे हेतुपूर्वक केलेले परिवर्तन. ‘ॲज.न्यूमेरिक’ या फलनाने अंक संख्यारूप होतात, आणि जे संख्या होऊ शकत नाही ते ‘एन्‌ए’, म्हणजे अनुपलब्ध, ठरते. त्याचा इशाराही मिळतो. अनुपलब्ध म्हणजे शून्य नव्हे, हा भेद कोरडा दिवस व न मोजलेला दिवस यांतील भेद होय. देवनागरी अंकांत लिहिलेली ‘१२०’ ही नोंदही अशीच अनुपलब्ध ठरते. म्हणून परिवर्तनापूर्वी त्या अंकांच्या जागी आंतरराष्ट्रीय (इंग्रजी) अंक घालणे अगत्याचे आहे.

‘फॅक्टर’ या वर्गप्रकाराविषयी विशेष सावधगिरी हवी. २०२० मध्ये निघालेल्या ४.०.० या आवृत्तीपूर्वी अक्षररूप स्तंभ वाचतानाच आपोआप वर्गप्रकारात जात असे. जुन्या आज्ञावलींत व साठविलेल्या संचांत तो अजून आढळतो. वर्गप्रकार आत केवळ वर्गांचे अनुक्रमांक साठवितो. त्याचे थेट संख्येत परिवर्तन केल्यास वरील १२०, ७२ व ९ यांच्याऐवजी अनुक्रमे १, २ व ३ हाती येतात, आणि तेही कोणत्याही इशाऱ्यावाचून. म्हणून प्रथम अक्षररूप व मग संख्यारूप, असा दुपदरी मार्ग धरावा.

तात्पर्य, सामग्री वाचताच प्रत्येक स्तंभाचा प्रकार तपासावा, अनुपलब्धतेचे चिन्ह वाचतानाच सांगावे, आणि परिवर्तनापूर्वीच्या व नंतरच्या अनुपलब्ध नोंदी मोजून ताडून पाहाव्यात. या तीन गोष्टींस काही क्षणच लागतात. त्या टाळल्यास सूत्र निर्दोष असूनही निष्कर्ष खोटा ठरू शकतो.